१ टीबीची डिस्क ९३१ जीबी का दिसते? स्टोरेजच्या एककांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. १ टीबीची नवी एक्स्टर्नल हार्डडिस्क विंडोजच्या लॅपटॉपला जोडली, तर ९३१ जीबीच दिसते. दुकानदार म्हणतो, "असंच असतं." घरी १०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे, पण डाउनलोड सेकंदाला ११ एमबीच्या पुढे जात नाही. ५०० जीबीचे एमबी किती होतात हे इंटरनेटवरच्या दोन कन्व्हर्टरांना विचारलं, तर एकाने ५,००,००० सांगितले आणि दुसऱ्याने ५,१२,०००. यातलं खरं कोणतं, आणि हा हिशेब स्वतः करायचा तर कसा?

आधी सरळ उत्तर देतो. डिस्क पूर्ण १ टीबीची आहे, दुकानदाराने काही लपवलेलं नाही. कनेक्शनही जवळजवळ पूर्ण वेगाने चालतंय. दोन्ही कन्व्हर्टर आपापल्या मापाने बरोबर आहेत. एकाच नावाखाली दोन वेगळी मापं चालतात आणि स्क्रीनवर त्यातलं कोणतं वापरलंय हे कोणी सांगत नाही, एवढाच सगळा घोळ. सर्व्हर आणि स्टोरेजच्या कामात हा प्रश्न मला सतत विचारला जातो, आणि तो किरकोळ अजिबात नाही. या फरकापायी लोक चुकीच्या डिस्का विकत घेतात, अर्ज नाकारले जातात, टेंडरमध्ये लाखांचा फरक पडतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी पद्धत एकच आहे: कुठलाही आकडा आला की आधी त्याचे बाइट करायचे आणि मग बाइटवरून हव्या त्या एककात जायचं. जीबीवरून थेट एमबीवर किंवा एमबीपीएसवरून थेट जीबीवर उडी मारली की चूक हमखास होते. बाइट मात्र सगळीकडे सारखाच, आठ बिटांचा. त्यावर विंडोज, मॅक, फोन, डिस्कवाली कंपनी, इंटरनेटवाला, कोणाचंच दुमत नाही. बाइट करण्याआधी फक्त दोन गोष्टी पाहायच्या: समोरचा आकडा बिटचा आहे की बाइटचा, आणि किलो-मेगा-गिगाची पायरी १००० ची धरली आहे की १०२४ ची.

तुमच्याच डिस्कवर करून पाहू. डिस्क बनवणारी कंपनी १००० ची पायरी धरते. तिच्या हिशेबाने किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे दहा लाख, गिगा म्हणजे शंभर कोटी आणि टेरा म्हणजे एक लाख कोटी. वजनाचा किलो आणि अंतराचा किलो जसा हजारचा, तसाच हाही. १ टीबी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक डिस्कांमध्ये ५१२ बाइटचे १,९५,३५,२५,१६८ सेक्टर, म्हणजे साठवणीचे छोटे कप्पे असतात. गुणाकार केला की १०,००,२०,४८,८६,०१६ बाइट होतात. म्हणजे एक लाख कोटी पूर्ण, वर वीस कोटी जास्तच. कंपनीने शब्द पाळला आहे.

आता हेच बाइट विंडोज मोजतं, पण १०२४ च्या पायरीने. १०२४ ने एकदा भागलं की ९७,६७,६२,५८४ केबी. पुन्हा भागलं की सुमारे ९,५३,८७० एमबी. तिसऱ्यांदा भागलं की ९३१.५. विंडोज त्याला ९३१ जीबी म्हणतं. बाइट एकही हरवलेला नाही. खात्री करायची असेल तर 'धिस पीसी'मध्ये त्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. कपॅसिटीच्या ओळीत जीबीच्या शेजारी बाइटचा लांबलचक आकडा दिलेला असतो. तो लाख कोटीच्या आसपास आहे हे दिसलं की शंका मिटते. फॉरमॅट करताना थोडी जागा फाइलसिस्टिमच्या नोंदींना जाते हे खरं, पण ती किरकोळ असते. "फॉरमॅटमध्ये ७० जीबी जातात" असं दुकानात सर्रास ऐकायला मिळतं, त्यात तथ्य नाही.

दोन मापं आली कुठून, तर दोन्हीमागे कारण आहे. रॅमच्या चिपला पत्त्याच्या तारा असतात आणि प्रत्येक तार शून्य किंवा एक असते. दहा तारा असल्या की २ चा दहावा घात, म्हणजे १०२४ जागा ओळखता येतात. ना ९९९, ना १०००. त्यामुळे रॅम सहसा दोनाच्या घातांत बनते, आणि १०२४ हे हजाराच्या इतकं जवळ आहे की जुन्या इंजिनीअर मंडळींनी त्यालाच किलो म्हणायला सुरुवात केली. डिस्कला तसं बंधन नाही. तिच्यावर किती ट्रॅक आणि ट्रॅकवर किती सेक्टर बसवायचे हे बनवणाऱ्याच्या हातात असतं. आयबीएमने १९५६ मध्ये पहिली हार्डडिस्क आणली, तेव्हापासून क्षमता दशमान पद्धतीनेच सांगितली जाते. ती पहिली डिस्क पन्नास लाख अक्षरांची होती, आणि पन्नास लाख म्हणजे खरोखर पन्नास लाखच. म्हणून कंपन्यांनी आकडा फुगवायला हजाराची पायरी शोधून काढली, हा समज मला पटत नाही.

किलोबाइटच्या काळात फरक २.४ टक्क्यांचा होता, त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. पण पायरीगणिक तो वाढत जातो. मेगाला ४.९ टक्के, गिगाला ७.४, टेराला १०, पेटाला १२.६. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने यावर तोडगा म्हणून डिसेंबर १९९८ मध्ये १०२४ च्या पायरीला वेगळी नावं दिली: किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट, टेबीबाइट. लिहिताना मध्ये एक आय घालायचा, म्हणजे जीबी हे हजाराच्या पायरीचं आणि जीआयबी हे १०२४ च्या पायरीचं. नावं जिभेवर बसायला जड आहेत हे मान्य, पण कामाच्या कागदावर ती वापरावीत असं माझं ठाम मत आहे. लिनक्सच्या जगात ती बऱ्यापैकी रुळली. ॲपलने ऑगस्ट २००९ मध्ये आलेल्या स्नो लेपर्डपासून मॅकवर सरळ हजाराची पायरी घेतली, म्हणून तुमची हीच डिस्क मॅकला जोडली तर १ टीबीच दिसेल. अँड्रॉइडही ओरिओ आवृत्तीपासून हजाराचीच पायरी धरतं. विंडोज मात्र अजून १०२४ ने भागतं आणि शेजारी जीबी लिहितं. दोष शोधायचाच तर तो या लेबलात आहे.

अमेरिकेत यावरून ग्राहक कोर्टातही गेले. २००६ मध्ये वेस्टर्न डिजिटलने आणि २००७ मध्ये सीगेटने तडजोड केली. पुढे सॅनडिस्कच्या पेनड्राइव्हवरून झालेला असाच दावा मात्र २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोर्टाने फेटाळला, कारण १ जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट हे कंपनीने पॅकिंगवरच छापलं होतं. तुमच्या डिस्कच्या खोक्यावरही ती बारीक अक्षरांतली ओळ बहुधा सापडेल.

तोंडी हिशेबासाठी एवढं पुरतं. खोक्यावरच्या जीबीला ०.९३ ने गुणलं की विंडोजचा आकडा येतो, आणि टीबीला ०.९१ ने. म्हणून २५६ ची एसएसडी २३८ दिसते, ५१२ ची ४७६, २ टीबीची १.८१ आणि ४ टीबीची ३.६३. उलट जाताना मात्र तेवढेच टक्के परत मिळवून चालत नाही. विंडोजच्या जीबीवरून खोक्यावरच्या जीबीकडे यायचं तर १.०७४ ने गुणायचं, टीबीला १.१ ने. ९३१ मध्ये ७ टक्के मिळवले तर ९९६ येतात, हजार नाही.

एसएसडीच्या बाबतीत एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिच्या आतल्या फ्लॅश चिप रॅमसारख्याच दोनाच्या घातांत बनतात. २५६ जीबीच्या ड्राइव्हमध्ये चिपची जागा बहुतेक वेळा २५६ जीआयबी असते, आणि विकताना ती २५६ जीबी म्हणून विकतात. मधली सुमारे ७ टक्के जागा कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्हचा कारभार पाहणारी चिप, स्वतःकडे ठेवतो. फ्लॅशचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो, त्यामुळे झीज सगळीकडे सारखी पसरवायला आणि बिघडलेल्या कप्प्यांच्या जागी नवे घ्यायला ही शिल्लक लागते. तुम्हाला न दिसणारी ती जागा तुमच्याच ड्राइव्हचं आयुष्य वाढवत असते.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे दोन्ही पायऱ्या एकाच आकड्यात मिसळणं. जुनी १.४४ एमबीची फ्लॉपी आठवत असेल. दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर आणि सेक्टरला ५१२ बाइट, असे एकूण १४,७४,५६० बाइट. त्याचे १०२४ च्या पायरीने १४४० केबी झाले आणि मग कोणीतरी हजाराने भागून १.४४ एमबी लिहिलं. खरं पाहिलं तर ती १.४७ एमबी आहे किंवा १.४१ एमआयबी. १.४४ हा आकडा कुठल्याच मापात बसत नाही. फ्लॉपी गेली, पण ही मिसळ अजून जिवंत आहे. तिचा फटका कसा बसतो ते सीसीटीव्हीच्या हिशेबात पुढे दाखवतो.

त्याआधी वेगाचं. इंटरनेटचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइल बाइटमध्ये मोजतात. इंग्रजीत लिहिताना स्मॉल बी म्हणजे बिट आणि कॅपिटल बी म्हणजे बाइट, पण जाहिरातीत सगळंच कॅपिटलमध्ये छापतात आणि मराठीत दोन्हीला एमबीच म्हणतो. वेगाच्या आकड्यात पायरी नेहमी हजाराचीच असते, हे एक बरं आहे. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला दहा कोटी बिट. आठाने भागलं की सव्वा कोटी बाइट, म्हणजे १२.५ एमबी. मग तुम्हाला ११ च का दिसतात? नेटवर्कवरून जाणारं प्रत्येक पाकीट तारेवर १५३८ बाइटची जागा घेतं. त्यात मजकूर १५०० बाइटचा, आणि त्यातलेही ४० बाइट पत्त्यांच्या नोंदींचे. तुमच्या फाइलचे म्हणून १४६० उरतात, म्हणजे सुमारे ९५ टक्के. म्हणून राउटरचं पोर्ट १०० एमबीपीएसचं असेल तर स्पीड टेस्ट ९४-९५ च्या वर जात नाही. ९५ ला आठाने भागलं की ११.९ एमबी. तुमचं सॉफ्टवेअर १०२४ ची पायरी वापरत असेल तर त्याचेच ११.३ दिसतात. तेव्हा ११ हा आकडा अगदी योग्य आहे, कंपनीकडे तक्रार करण्यात अर्थ नाही. ५-६ एमबी दिसत असतील तर जरूर करा, पण आधी वायफायऐवजी केबल लावून तपासा.

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने आपल्याकडे २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं. तो वेग म्हणजे सेकंदाला ३२ केबी. ७०० एमबीची एक सीडी, म्हणजे ७३,७२,८०,००० बाइट उतरवायचे तर २३,०४० सेकंद लागायचे, सहा तास चोवीस मिनिटं. तेव्हाची पिढी रात्रभर डाउनलोड लावून झोपायची ती उगाच नाही.

आता सीसीटीव्ही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये "तीस दिवसांचं रेकॉर्डिंग हवं" असा ठराव होतो आणि किती टीबीची डिस्क घ्यायची हे कोणालाच नीट सांगता येत नाही. बिट, बाइट, हजार, १०२४, सगळं या एका हिशेबात येतं, म्हणून पूर्ण मांडतो. समजा सोळा कॅमेरे आहेत आणि प्रत्येकाचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला साठवायचे बिट, ४ एमबीपीएस ठेवला आहे. सोळा चोक चौसष्ट एमबीपीएस. आठाने भागा: सेकंदाला ८ एमबी, म्हणजे ऐंशी लाख बाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार ६,९१,२०० एमबी, म्हणजे दिवसाला ६९१.२ जीबी. तीस दिवसांचे २०,७३६ जीबी, म्हणजे २०.७ टीबी. बिटरेट हजाराच्या पायरीत आहे आणि डिस्कचं खोकंही हजाराच्या पायरीत आहे, त्यामुळे मध्ये कुठेही १०२४ आणायचं कारण नाही.

चूक नेमकी इथे होते. "एमबीचे जीबी करायला १०२४ ने भागायचं" हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. वर काढलेल्या २,०७,३६,००० एमबींना दोनदा १०२४ ने भागलं की १९.८ येतात. मग १० टीबीच्या दोन डिस्का घेतल्या जातात आणि शिल्लक राहील असं वाटतं. प्रत्यक्षात २० टीबीला ६९१.२ जीबीने भागलं की २८.९ येतात. म्हणजे एकोणतिसावा दिवस पूर्ण व्हायच्या आतच पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग पुसलं जायला लागतं. हे कळतं तेव्हा, जेव्हा महिन्यापूर्वीच्या चोरीचं फुटेज कोणी मागायला येतं. सुरुवात दशलक्ष बाइटच्या एमबीने केली आणि भागाकार १०२४ ने, हा फ्लॉपीचाच प्रकार.

खर्च कमी करायचा असेल तर डिस्क छोटी करू नका, बिटरेट पाहा. एच.२६५ या व्हिडिओ लहान करणाऱ्या पद्धतीवर २ एमबीपीएस ठेवून चित्र पुरेसं स्पष्ट येत असेल, तर तीच गरज १०.४ टीबीवर येते आणि ६ टीबीच्या दोन डिस्का पुरतात. गेटवरच्या कॅमेऱ्याला गाडीचा नंबर वाचता यायला हवा, तिथे मात्र कंजुषी करू नये. जिन्यातल्या कॅमेऱ्याला कमी चालतो. डिस्का लावल्यावर रेकॉर्डरच्या पडद्यावर १२ ऐवजी १०.९ दिसले तर घाबरू नका, कारण आता तुम्हाला माहीत आहे.

फोन आणि कॉम्प्युटरमध्ये फाइल हलवताना हाच गोंधळ वेगळ्या रूपात समोर येतो. समारंभाचा मोठा व्हिडिओ फोनवर ३.२२ जीबी दिसतो, लॅपटॉपवर कॉपी केला की ३.०० जीबी. कॉपी अर्धवट झाली असं समजून लोक पुन्हा पुन्हा कॉपी करत बसतात. दोन्हीकडे बाइट ३,२२,१२,२५,४७२ च आहेत. फोनवरची मूळ फाइल डिलीट करण्याआधी फाइलचे डिटेल्स उघडून बाइटचा आकडा जुळवा. तो शेवटच्या अंकापर्यंत जुळला तर फाइल पूर्ण लांबीची आली आहे. जीबीचे आकडे जुळवत बसू नका. फॅट३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर एक फाइल जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइटची राहू शकते. फोनवर ४.२ जीबी दिसणारी फाइल त्यात जाते आणि विंडोजवर ४.२ जीबी दिसणारी जात नाही. अशा वेळी पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करणं हा सोपा उपाय आहे, मात्र आधीचा डेटा काढून घ्या.

परीक्षांचे अर्ज भरणाऱ्यांसाठी एवढं नक्की सांगतो. आयबीपीएसच्या बँक भरतीच्या अर्जात फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी मागतात. वेबसाइटने केबी हजाराचा धरला आहे की १०२४ चा, हे अर्जावर लिहिलेलं नसतं. मग दोन्ही मापांत बसेल असा आकार ठेवायचा. फोटोसाठी खालची मर्यादा मोठ्या केबीने धरा, २०,४८० बाइट, आणि वरची लहान केबीने, ५०,००० बाइट. सहीसाठी १०,२४० ते २०,०००. प्रॉपर्टीजमध्ये बाइटचा आकडा या पट्ट्यात असला की आकारावरून अर्ज अडणार नाही. तिथे दोन ओळी दिसतात, साइझ आणि साइझ ऑन डिस्क. पाहायची ती पहिली. ५०,००० बाइटची फाइल पहिल्या ओळीत ४८.८ केबी आणि दुसऱ्या ओळीत ५२ केबी दिसते, कारण डिस्कवर जागा ४०९६ बाइटच्या ठोकळ्यांनी दिली जाते आणि या फाइलला तेरा ठोकळे लागतात. वेबसाइटला त्या ठोकळ्यांशी देणंघेणं नाही. फोल्डरमधल्या यादीत विंडोज केबीचा आकडा वरच्या पूर्णांकात दाखवतं, त्यामुळे त्या यादीवरही विसंबू नये.

ठोकळ्यांचा हा हिशेब मोठ्या पेनड्राइव्हवर जास्त जाणवतो. एक्सफॅटमध्ये ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हला विंडोज सहसा १२८ केबीचा ठोकळा ठरवतं. दहा-दहा केबीच्या हजार फाइली म्हणजे मजकूर जेमतेम १० एमबी, पण जागा अडते १२५ एमबी. अशा फाइली झिप करून एकच मोठी फाइल बनवली तर जागाही वाचते आणि कॉपीही भराभर होते.

मराठी मजकुराला किती जागा लागते हेही अनेक जण विचारतात. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या रूढ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं आहेत. "क्षी" हे आपल्याला एक अक्षर दिसतं, पण साठवताना क, हलन्त, ष आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. "महाराष्ट्र" तीस बाइटचा. एक केबीत साधारण साडेतीनशे चिन्हं बसतात. तरीही तीनशे पानांची अख्खी कादंबरी निव्वळ मजकूर म्हणून दीड एमबीच्या आसपासच जाते. फोनच्या कॅमेऱ्याने काढलेला एक फोटो बहुधा त्याहून मोठा असतो. एसएमएसचं गणित यातूनच येतं. एका एसएमएसला १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मिळतात. इंग्रजी अक्षर सात बिटांचं, म्हणून १६० अक्षरं. देवनागरीला तिथे प्रत्येक चिन्हाला सोळा बिट, म्हणून सत्तर. संस्थेचे किंवा दुकानाचे मराठी एसएमएस घाऊक पाठवत असाल तर मजकूर सत्तर चिन्हांत बसवा, नाहीतर एका निरोपाचे दोन मेसेज लागतात आणि पैसेही दोनाचे.

ऑफिसात सर्व्हर सांभाळणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी झटपट सांगतो. लिनक्सवर डिस्कची जागा दाखवणाऱ्या डीएफ कमांडला स्मॉल एच दिला की १०२४ ची पायरी आणि कॅपिटल एच दिला की १००० ची. ॲमेझॉनच्या क्लाउडवर ईबीएसचा व्हॉल्यूम, म्हणजे भाड्याची डिस्क, जीआयबीत मोजतात, त्यामुळे तिथला १००० चा व्हॉल्यूम १ टीबीच्या डिस्कवर पूर्ण मावणार नाही. कुबर्नेटिस या सर्व्हरवर ॲप चालवणाऱ्या प्रणालीत मेमरीला ५१२ पुढे नुसता कॅपिटल एम लिहिला तर ५१ कोटी २० लाख बाइट मिळतात, एमआय लिहिला तर ५३ कोटी ६८ लाख ७० हजार ९१२. आणि चुकून स्मॉल एम लिहिला तर त्याचा अर्थ मिली होतो, म्हणजे अर्ध्या बाइटची मागणी. मेमरीची कमाल मर्यादा म्हणून तसं लिहिलं, तर तो पॉड, म्हणजे चालवायचं ॲप, काही उभा राहायचा नाही.

खरेदीच्या कागदात "१०० टीबी स्टोरेज" एवढंच लिहू नका. पुरवठादार खोक्यावरचे १०० टीबी देईल आणि ते कायद्याने बरोबरच असेल. तुमच्या व्हर्च्युअल मशीनना मात्र १०२४ च्या पायरीचे १०० लागणार असतील, तर हातात ९०.९ च पडतात. मधली नऊ टीआयबी नंतर वेगळी विकत घ्यावी लागते, आणि ती स्वस्त पडत नाही. शिवाय रेडमध्ये, म्हणजे अनेक डिस्का एकत्र जोडण्याच्या पद्धतीत, एक-दोन डिस्का सुरक्षिततेसाठी जातात, तो वजावटीचा हिशेब वेगळाच. म्हणून लिहायचं ते असं: रेड आणि फॉरमॅटनंतर वापरायला मिळणारी जागा किमान १०० टीआयबी, आणि पुढे बाइटमध्ये आकडा. मग वाद उरत नाही.

राहिला प्रश्न खऱ्या फसवणुकीचा, कारण तीही बाजारात आहे. सात टक्के कमी दिसणं ही फसवणूक नाही. फसवणूक असते ती पूर्ण आकडा दाखवणाऱ्या स्वस्त ड्राइव्हमध्ये. चारपाचशे रुपयांत "२ टीबी" म्हणून मिळणाऱ्या पेनड्राइव्हमध्ये आत ३२ किंवा ६४ जीबीचीच चिप असू शकते, आणि कंट्रोलरला खोटी क्षमता सांगायला शिकवलेलं असतं. विंडोज ती क्षमता जशीच्या तशी दाखवतं. खऱ्या जागेपलीकडे लिहिलेल्या फाइलींची नावं दिसतात, पण उघडायला गेलं की त्या खराब निघतात. प्रॉपर्टीजमधला बाइटचा आकडाही इथे उपयोगाचा नाही, कारण खोटा तोच असतो. ड्राइव्ह पूर्ण भरून, लिहिलेलं परत वाचून पाहणं हाच मार्ग. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स-मॅकवर एफ३ ही मोफत साधनं नेमकं हेच करतात. मोठ्या ड्राइव्हला काही तास लागतात. तुमची १ टीबीची डिस्कही नवीच आहे, तेव्हा घरच्यांचे फोटो तिच्यावर टाकण्याआधी, ती रिकामी असतानाच, एक रात्र ही चाचणी लावून ठेवा. आणि एकुलती एक प्रत कोणत्याही एका डिस्कवर ठेवू नका, मग ती ९३१ दाखवो की १०००.